मिठाची खोली

चामोर्शी
चैत्र वद्य पंचमी, १९५७

सात पोती मीठ! माणसं दोन, चूल एक, आन् मीठ सात पोती. तिसरा जीव अजून पोटात आहे, त्याले मीठ लागत नाई. तुम्ही तिकडं हत्ती पाळले काय वं, का अख्ख्या एटापल्लीचं लोणचं घालून राह्यली? लच्छू बंडीवाला काल तिकडचा बाजार करून आला आन् माझ्या छपरीत बसून चहा पिता पिता सगळं सांगून गेला. मिठाशिवाय घासलेटचे डबे, गुळाच्या भेल्या, आगपेट्यांचे पुडे, नवी लुगडी. तो हसून राह्यला होता. मी नाई हसली. त्याले दुसरा कप चहाही नाई दिला.

आता आशीर्वाद. चि. सौ. इंदूले आजीचे पोटभर आशीर्वाद. सोमाजी मास्तरांनाही सांग. मी गुडघा सोडून बाकी सगळी बरी आहो.

मायबाप नसलेल्या पोरीले मी चौथीपर्यंत शिकवलं. मी स्वतः दुसरीतून उठली. तरी इतकं मले समजते, का मीठ चुलीवरच्या शिंक्यात राहते. शिंक्यात मावते तितकंच कोरडं, बाकीच्याचं पावसाळ्यात पाणी. कुडाच्या घरात सात पोती मीठ ठेवणं म्हणजे घरात नाला बांधणं.

पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे तुले सांगाले नको. तुझं माहेर म्हणजे मी आन् ह्या दोन खोल्या. मिरग लागाच्या आत निघ. एकदा नाले भरले का तिकडून माणूस येत नाई. बंडी मी पाठवते. येताना काही आणू नको, फक्त तू ये.

माया आहे तशी राहू दे, आन् बाजारात जाणं बंद कर.

तुझी आजी
मनकर्णा


एटापल्ली
ता. ३० एप्रिल १९५७

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून इंदूचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग हसले. हत्तीचं वाचून ह्यांनाही हसू आलं असतं, पण हे उन्हाळी वर्गासाठी चांद्याला गेले आहेत. मिरगाच्या सुमारास येतील.

आजी, तू रागावलीस ते खरं, पण गेल्या श्रावणात तू इथे नव्हतीस. मीठ संपलं, आगपेट्या सादळल्या, आणि हे शाळेच्या कामासाठी अहेरीला गेले ते पुरामुळे तिकडेच अडकले. शेजारच्या बुधरीकडे मी आधी विस्तव मागायला गेले, मग मीठ मागायला. तिने पळसाच्या पानात बांधून दिलं. पण मास्तरीणबाईने माडिया गोंडांच्या दारात हात पसरायचा, याची मला इतकी लाज वाटली की तेव्हाच ठरवलं, पुन्हा कोणापाशी काही मागायचं नाही.

त्यात बाजारातला व्यापारी सांगत होता, आता नवे पैसे निघाले आहेत, पावसाळ्यानंतर जुने आणे कोणी हातात घेणार नाही. तेव्हा साठवलेलं होतं ते सगळं देऊन जिन्नस घेतला. नाणं खोटं पडेल, जिन्नस खोटा पडत नाही. मधली खोली भरली आहे. तिला कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. मागे चुलीपुरतीच जागा आहे, म्हणून मी छपरीत झोपते. उन्हाळाच आहे, बरंच वाटतं.

घर उघडं टाकून कसं यायचं? हे आले की किल्ली त्यांच्या हाती देऊन निघतेच. दिवस आषाढ लागल्यावर भरतात, म्हणजे वेळ आहे.

बुधरी हल्ली येत नाही. विहिरीवर दिसली तरी घागर भरून निघून जाते. काऊन ते कळत नाही.

काळजी करू नको. गुडघ्याला तेल लाव. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच असू दे.

तुझी
इंदू


चामोर्शी
वैशाख शुद्ध नवमी

चि. सौ. इंदूस आशीर्वाद. राग उतरला नाई, पण आशीर्वाद पहिले लिहिते, नाई तर राहून जातील.

जुने आणे बंद होणार म्हणे! इथी चामोर्शीत जुने आणे चालतात आन् नवे पैसेही चालतात. काल मीच नव्याचे विडे आणले आन् जुन्याचा कात. त्या व्यापाऱ्याले माल खपवाचा होता. तो सांगाले लागला आन् तू ऐकाले बसली. तुले आधीच भेव होतं, त्यानं फक्त त्या भेवाले बसाले पाट दिला.

बुधरी काऊन येत नाई, ते मले इथी बसून दिसते. तुले तिथी दिसत नाई, कारण डोळ्यासमोर पोती आहेत. त्या बाया वर्षाची चारोळी जमा करून बाजारात आणतात आन् पावसाळ्यापुरतं मीठ नेतात. या वर्षी त्या बाजारात आल्या तवा मीठ कुठी होतं? लच्छू सांगे का व्यापाऱ्यानं हात झटकले आन् सांगितलं, मास्तरीणबाईनं सारं नेलं, दुसरा माल येईल तवा पाहू. दुसरा माल काही आला नाई. जिनं तुले पानात बांधून मीठ दिलं, तिच्या तोंडचं मीठ तू कुलपात ठेवलं. तिनं बोलावं तरी काय?

आन् मागाची लाज म्हणते. ही लाज तुले कोणी शिकवली? मी तर नाई. माझ्या चुलीत शेजारणीचाच विस्तव असे, आन् तिच्या उखळात माझंच धान. दोघींनी एकमेकींना जलमभर शिव्या दिल्या आन् जलमभर मागितलं.

लच्छू पुढच्या बाजाराले तिकडं येते. बंडीत तनस घालून, वर गोधडी टाकून पाठवते. तू त्याच्यासंगं येजो. कुलूप राहू दे, नाई तर उघडं टाक, मले फरक पडत नाई.

जीव लावते म्हणून बोलते, हे ध्यानात असू दे.

मनकर्णा


एटापल्ली
ता. २२ मे १९५७

ती. आजीस इंदूचा वाकून नमस्कार. वाकवत नाही, तरी वाकून.

लच्छूकाका रिकामी बंडी घेऊन परतले म्हणून रागावू नको. मी निघाले होते, आजी. गाठोडं बांधलं, बंडीत पाय ठेवला, आणि वळून पाहिलं तर कुलूप दिसलं. कुड म्हणजे काय, लाथ मारली की भोक. आत आमचं सगळं आहे, बाहेर एक रुपया उरला नाही. हे आले आणि त्यांना खोली रिकामी दिसली तर मी काय सांगू? मग उतरले. लच्छूकाका बराच वेळ थांबले. बैलांना पाणी दाखवलं, विडी ओढली, पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. तुझ्यासाठी साबणाच्या तीन वड्या आणि एक लुगडं दिलं आहे. ते तरी वापर.

खरं सांगते, मला बरं वाटत नाही. पाय सुजलेत. घासलेटचा वास छपरीपर्यंत येतो आणि जेवण जात नाही. आता आभाळ येऊ लागलंय. हवा ओलसर झाली तशी मिठाला पाणी सुटलं. खालची पोती रडतात आणि ते पाणी दाराखालून बाहेर येतं. पुसायला खाली बसलं तर उठता येत नाही. विहिरीवर जाते ती धावत जाते, धावत येते, जमेल तशी. मी दिसले की बाया दोर आवरून बाजूला होतात. सगळ्यांचे डोळे किल्लीवर आहेत असं वाटतं. दिवसभर कुलपासमोर बसून असते. घुशी आत पोखरतात त्याचा आवाज ऐकते. कोण कोणाची राखण करतंय, कळत नाही.

हे आले की निघते. नक्की निघते.

तुझ्या मायेवरच आहे.

इंदू


चामोर्शी
वैशाख वद्य चतुर्दशी

साबणाच्या वड्या मी लच्छूले देऊन टाकल्या. लुगडं खुंटीवर आहे. तू येऊन घेऊन जा.

इंदूले आशीर्वाद.

आता नीट वाच. खोली उघड. मीठ दान करू नको. दान केलं का तू मोठी होते आन् घेणारी लहान होते, मंग ती जलमात तुझ्या दारात येत नाई. विकू नको. विकणारा एक आहेच. उसनं दे. स्वतः बुधरीच्या दारात जा, सांग का माझ्याजवळ जास्त झालं, तुमच्याजवळ कमी आहे, पुढच्या साली जमेल तसं परत करा. परत केलं तर केलं. पण उसन्यानं येणं-जाणं राहते, आन् तुले आता मिठापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या बाईची गरज आहे. तुझी वेळ आली तर पोतं उठून पाणी तापवणार नाई.

आन् लच्छू परत निघाला का मी स्वतः त्याच्या बंडीत बसून येते. गुडघा मोडला तर मोडू दे. तुले दंडाले धरून आणते. कुलपाकडं पाहू देणार नाई.

तोवर जिवाले जप. ह्या बुढीची आठवण ठेव.

मनकर्णा


एटापल्ली
ता. ८ जून १९५७

ती. आजीस इंदूचा नमस्कार.

तुला आनंद होईल असं सांगते. मीठ गेलं! दोन पोती तेवढी राहिली, बाकी सगळं गेलं.

तू म्हणालीस तशी खोली उघडली. पण बुधरीच्या दारापर्यंत पाय गेला नाही. मग बाजाराच्या दिवशी चिंचेखाली बसले. बाया आल्या. उसनं म्हणणार होते, आजी, शपथ. पण पहिल्याच बाईने टोपलीतली चारोळी माझ्यापुढे ओतली आणि मिठासाठी पदर पसरला. व्यापारी करतो तसंच, मापाला माप. मला नाही म्हणता आलं नाही. मग दुसरीने ओतली, मग तिसरीने. बुधरीही आली. मीठ घेतलं, चारोळी ठेवली, गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मधल्या खोलीत मिठाच्या जागी चारोळी आहे. टोपल्या, मडकी, एक पोतं. मोहाची फुलंही आहेत थोडी आणि डिंक. चांद्याला चारोळीला फार भाव आहे असं म्हणतात. ही तर खराब होणारी वस्तू नाही ना? मुंग्या लागल्यात, पण राख टाकली आहे. कुलूप परत लावलं.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. पण माझा हात थांबत नाही, आजी. समोर काही आलं की वाटतं हे आज घेतलं नाही तर उद्या मिळणार नाही. घरात आणलं की घटकाभर बरं वाटतं. मग पुन्हा तसंच.

पाऊस सुरू झाला. ह्यांचा निरोप आला, आलापल्लीपर्यंत पोचलेत, पाणी ओसरलं की पुढे येतील. तू मात्र लवकर ये.

इंदू


चामोर्शी
ज्येष्ठ पौर्णिमा

चि. इंदूले आशीर्वाद.

मी निघाली होती. घोट गाव सोडलं आन् पुढल्या नाल्याले पाणी छातीभर. लच्छूनं बैल घातले, बैल मागं फिरले. दोन दिवस घोटात एका तेल्याच्या पडवीत बसून पाण्याकडं पाहात राह्यली. पाणी चढतच गेलं. तिथीच तुझं पत्र भेटलं, डाकवाल्याजवळ. तो पाणी चढाच्या आधी तिकडून परत आला होता.

चारोळीचं वाचलं. शिव्या तयार होत्या, पण लिहाले इतका कागद नाई. एकच सांगते. तो व्यापारी बाजारात बसते, तू चिंचेखाली बसली, इतकाच फरक.

मी परत आली. बंडीतून उतरवाले दोन माणसं लागली. आता मी इथी अडकली, तू तिथी अडकली, आन् मधात पाणी. हे पत्र कधी पोचेल ते डाकवाल्याच्या पायावर. हातात पडलं तर इतकंच कर, छपरीत झोपू नको. भिंतीआड कोरड्यात नीज. त्यासाठी काही बाहेर फेकावं लागलं तर फेक.

आजी


एटापल्ली
ता. २६ जून १९५७

तीर्थस्वरूप मनकर्णाबाई यांचे चरणी सोमाजीचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, सोमवारी दुपारी इंदूस कन्या झाली. दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहितो, कारण पुढचे वाचून आपला जीव घाबरा होईल.

मी त्याच दिवशी सकाळी आलापल्लीहून पायी येऊन पोचलो. छपरीतील अंथरूण पावसाच्या झडीने चिंब झाले होते. इंदू खांबाला धरून उभी होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. घरात कोरडी जागा एक मधली खोलीच, आणि तिला कुलूप. मी धावत बुधरीबाईंकडे गेलो. त्या येतील असे वाटले नव्हते. त्या आल्या, सोबत दोघी बायाही आल्या. फटीतून आत पाहून म्हणाल्या, येथे उभे राहायलाही जागा नाही, आणि येणाऱ्याला तर पडायला जागा लागते. आमच्या घरी उचलून नेऊ म्हणाल्या, पण इंदूला हलवणे शक्य नव्हते.

मी इंदूकडे किल्ली मागितली. तिने दिली नाही. आजी, मी हे आपल्यापासून लपवत नाही. कळ येत होती, जात होती, आणि तिची मूठ किल्लीवर आवळलेली होती. चारोळी भिजेल, एवढेच म्हणत होती. मी बोटे सोडवू लागलो तर मला ओरखडले. बुधरीबाईंनी मला बाजूला केले. त्या इंदूसमोर नुसता हात पसरून बसून राहिल्या. आणखी एक कळ येऊन गेली. मग इंदूने आपण होऊन किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, फेका, सगळं फेका.

पुढचे अर्ध्या घटकेत झाले. मीठ, चारोळी, गूळ, डबे, सर्व भर पावसात अंगणात गेले. जमीन मिठाच्या पाण्याने चिकट झाली होती. तिच्यावर राख पसरली आणि नवी लुगडी घडी न मोडता एकावर एक घातली. त्यांवर मुलगी जन्मली. रंग सावळा आहे. आवाज आपल्यासारखा आहे, असे इंदू म्हणते.

पावसातून जे वाचवता आले ते गावातील बाया उचलून घेऊन गेल्या. परत आणतील की काय, हे मी विचारले नाही. बुधरीबाई रोज येतात, मुलीला अंघोळ घालतात.

एक विनंती आहे. खोली रिकामी झाल्यापासून इंदूला स्वस्थता नाही. पाजता पाजता उठते आणि दारातून आत डोकावते. पोरीसाठी काहीतरी घरात हवे, चार महिने कसे काढायचे, हेच घोकते. पावसाची उघडीप मिळून नाला थोडा उतरताच लच्छूबरोबर तांदूळ, तूप, गूळ, तेल आणि कापड जास्तीत जास्त पाठवावे, म्हणजे तिचे मन थाऱ्यावर येईल. आपल्या वडीलकीचा आधार असावा.

आपला आज्ञाधारक
सोमाजी


चामोर्शी
आषाढ शुद्ध द्वादशी

मास्तर, तुम्ही शाळा शिकवता का बाजार? बायको आताशी एका खोलीतून सुटली आन् तुम्ही ती खोली परत भराले निघाले!

आता सगळ्यांना आशीर्वाद. नव्या पोरीले पहिले. माझा आवाज घेऊन आली म्हणता, मंग तिचं चांगलं होईल, घरचे ऐकतील.

इंदू, मी काही पाठवत नाई. लच्छू विचारून गेला, त्याले नाई म्हटलं. पायलीभर तांदूळ नाई, वाटीभर तूप नाई. मले कठोर म्हण. रिकामी खोली पाहून तुले भेव वाटते, वाटू दे. पोतं आणलं तरी ते भेव जात नाई, ते पोत्यामागं जाऊन बसते, हे तू एकदा पाहून झाली. सकाळी लागेल ते सकाळी माग. तेल नसलं तर बुधरीले माग. तिच्याजवळ नसलं तर दुसरीजवळ माग. लाज वाटली तर लाजत माग. त्या नेलेलं मीठ घेऊन बसल्या आहेत, तेही माग, तुझं म्हणून नाई, त्यांचं म्हणून. आन् त्या काही मागाले आल्या तर पहिले दे, मंग बाकी काम कर. चार महिने आहेत, निघून जातील. पोरगी दूध पिते, ते काही बाजारात भेटत नाई आन् साठवूनही ठेवता येत नाई. जेवढं पिते तेवढंच येते.

किल्ली तू आपल्या हातानं दिली म्हणते मास्तर. ठीक आहे. ते मी वाचलं. दोनदा वाचलं.

गुडघा सुजला आहे. दसऱ्याशिवाय नाला उतरत नाई, तोवर मले पोरगी दिसणार नाई. रोज दारात बसते आन् पाण्याच्या बाजूनं कोणी येते का पाहते. कोणी येत नाई. तरी मी बसून राहते, दुसरं काही घेऊन येत नाई, कोणाले बोलावत नाई. मी बुढी इतकं करू शकते, तर तू एका रिकाम्या खोलीत बसू शकते.

दरवाजा काढून टाका मास्तर, कुलपासकट. पावसात सरपण लागते.

जीव आहे तोवर माझी माया आहे. मी ती मोजत नाई, तुम्हीही मोजू नका.

आन् या पत्राचं उत्तर मास्तरांनी लिहाचं नाई. त्यांचं अक्षर चांगलं आहे, मले चांगलं अक्षर नाई पाहिजे. इंदूनं लिहाचं, आपल्या हातानं, एकच ओळ. पोरीची झोळी कोणत्या खोलीत बांधली, तेवढं.

मनकर्णा